वाकळीच्या कोपऱ्यातला पत्ता

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी इतरांवर एवढी तणतण करणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई जन्मात कधी चुकलीच नाही.

मी वेबसाइट बनवते. वसमतला, राहत्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. लग्नाआधी पुण्यात कंपनीत होते. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हिचं कॉम्प्युटर सुटलं. सुटलं कशाचं! हळदीच्या दुकानाची वेबसाइट, मंगल कार्यालयाची वेबसाइट, ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याची वेबसाइट, असं मिळेल ते काम घेत मी टिच्चून बसले. पुढे मी स्वतःच्याच एका साइटचं नाव नोंदवलं आणि त्या नावाखाली एक जागा उभी केली, जिथं आपल्या भागातल्या लोकांना आपापलं पान मिळेल. त्याच सुमाराला बचत गटांचं काम बघणाऱ्या ऑफिसातून निरोप आला. कुरुंदा आणि आसपासच्या गावांतल्या बाया घरी वस्तू बनवतात, त्यांना प्रत्येकीला इंटरनेटवर एकेक पान करून द्याल का? फोटो, माल, फोन करायचं बटण, बास.

पानं केली. पहिल्या खेपेला मी सोपा रस्ता धरला. प्रत्येक पानाला एक पत्ता लागतो. आधी माझ्या साइटचं नाव, मग एक तिरपी रेघ, मग त्या बाईची खूण. खूण म्हणून मी अनुक्रमांक टाकले. जी आधी आली ती एक, तिच्या मागची दोन. कॉम्प्युटरला तेवढं पुरतं.

बायांनी ते नंबर चिठ्ठीवर लिहून घेतले आणि आठ दिवसांत एकमेकींना नंबरानं हाका मारायला लागल्या. मीटिंगला गेले की ऐकू यायचं, "ए अठरा नंबर, सरक तिकडं," "पाच नंबरच्या सुनंला लेकरू झालं." हसण्यावारी चाललं होतं. पण एक दिवस तेवीस नंबरची बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळी गल्ली आत्या म्हणते, कारण ती भावाच्या घरी राहते आणि भावाची लेकरं तिला आत्या म्हणतात. मीही आत्याच म्हणते. ती वाकळा शिवते. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून, बारीक धावदोऱ्यानं.

"पोरी," ती म्हणाली, "काल परभणीहून एकानं फोन केला. म्हन्तो, तेवीस नंबरवाल्या बाई तुमीच का? जेलात बी असंच म्हन्तेत का गं?"

ती हसत म्हणाली, पण माझं डोकं फिरलं. तिच्यावर नव्हे, स्वतःवर. मी ज्या बायांना ओळख मिळवून देते म्हणून मिरवत होते, त्यांना मी बिल्ले वाटले होते. घरी येऊन मी ठरवलं, नंबर बंद. तिरप्या रेघेच्या पुढं प्रत्येकीचं नाव येईल. पत्ता वाचला की कोण आहे ते कळलं पाहिजे. जुन्या नंबरच्या चिठ्ठ्या कोणाकोणाकडे गेल्या असतील, म्हणून असंही केलं की कोणी जुना पत्ता टाकला तरी माणूस आपोआप नव्या पानावर पोचेल. घर बदललं तरी ओळखीचा पोस्टमन टपाल नव्या घरी टाकतो, तेवढंच ते.

आणि इथं मी ती चूक केली.

नावं कुठून घ्यायची? बायांना टाइप करायला लावलं तर संध्याकाळ होईल. म्हणून मी एक बटण ठेवलं. फोनमध्ये जे ईमेल खातं असेल त्यानं आत या, बटण दाबा, नाव आपोआप येईल, नावावरून पत्ता आपोआप बनेल. पुण्याला सगळे असंच करतात. मला वाटलं, काय डोकं लावलंय मी!

शनिवारी दुपारी कुरुंद्याच्या समाजमंदिरात सगळ्या जमल्या. मी भिंतीला चादर लावून प्रोजेक्टर चालू केला आणि नव्या पत्त्यांची यादी दाखवली. मग मागून एकजण फिस्कन हसली. मग दुसरी. मग सगळं मंदिर.

यादीत एकाही बाईचं नाव नव्हतं. सगळे पुरुष. कोणाचा नवरा, कोणाचा पोरगा, कोणाचा जावई. कारण फोन त्यांचे होते, सिम त्यांच्या आधारवर होतं, ईमेल खाती त्यांनी उघडली होती. बाया फक्त दुपारपुरता फोन मागून आणायच्या. शेवया करणारी एक खाला आहे, तिचं पान नातवाच्या नावानं निघालं होतं. ती उठून उभीच राहिली. "या अल्ला! साठ बरस की बुढी को नववीतला पोरगा बना दिया इने!" आणि एका घरातली सासू आणि दोन जावा, तिघींमध्ये एकच फोन, म्हणून माझ्या कॉम्प्युटरनं तिघींना धरून एक माणूस केला होता. तिघींच्या पापडांचे, लोणच्याचे आणि हळदीचे फोटो एकाच पानावर, धाकट्या जावेच्या नवऱ्याच्या नावाखाली.

मीही हसले. काय करणार? पण आतून शरमेनं मेले. एक फोन म्हणजे एक माणूस, हे मी कुठून शिकले? आमच्या घरात पाच जणांत एक फोन होता, तोही बाबांच्या खिशात. माझ्या पहिल्या नोकरीचा निरोप बाबांच्या फोनवर आला आणि ते कामावर असल्यामुळं मला दुसऱ्या दिवशी कळला. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते पुण्याला जाऊन विसरले होते.

वायरी गुंडाळत होते तेव्हा आत्या आली. ती एकटीच हसली नव्हती. तिचं पान भावाच्या नावानं निघालं होतं.

"बराबरच हाय म्हना ते," ती म्हणाली. "आमच्याकडं असंच असते. घर भावाचं, फोन भावाचा, गॅसचं पुस्तक भावाचं. बाप गेल्यावर वसमतला नेलं मला, कचेरीत. हक्कसोड केलं."

हक्कसोड म्हणजे काय ते आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा, तसा कागद करायचा, आणि भावानं बहिणीला साडी घ्यायची. राजीखुशीनं. न करणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं, म्हणून सगळ्या करतात.

"सही कराया शिकले ते त्याच दिवसासाठी," आत्या म्हणाली. "भावानंच शिकवली, आठ दिवस पाटीवर गिरवून. आन् मंग साडी घेतली हिरवी. ती कवाच वाकळीत घातली म्या. तवा माहा नवरा हुता, वाटलं नव्हतं का भावाच्याच घरी येऊन ऱ्हावं लागंल. भाऊ वंगाळ न्हाई. दोन टाइम खाऊ घालते. पन पोरी, वाकळ तर म्या शिवते न्हवं?"

"तूच शिवतेस आत्या."

"मंग तेवढं माह्या नावावर होते का बघ. दुसरं काई नको. माह्या नावावर ह्या दुनियेत काईच न्हाई गं. एवढं एक करून दे."

तिनं हे इतक्या साधेपणानं मागितलं की मला स्वतःचाच राग आला. वसमतच्या एसटीत बसून मी सगळ्या रस्त्यानं स्वतःला शिव्या घातल्या आणि घरी पोचायच्या आत ठरवलं, हे काम मी करणार म्हणजे करणार. ऑफिसनं नको म्हटलं तरी, आणि परत पहिल्यापासून करावं लागलं तरी.

ऑफिसातून खरंच फोन आला, आता बदलत बसू नका, हिंगोलीचं प्रदर्शन जवळ आलंय. प्रत्येक बाईला तिथं स्वतःचं टेबल मिळणार होतं आणि टेबलावर तिच्या पानाची पाटी. मी म्हटलं, पाटीवर नवऱ्यांची नावं टाकायची असतील तर टेबलावर नवऱ्यांनाच बसवा. तिकडून फोन ठेवला गेला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

ते ईमेलवालं बटण मी उखडून टाकलं. आता प्रत्येक बाई आपलं नाव स्वतः सांगणार, मी तिच्यासमोर लिहिणार. एका फोनवरून दहाजणी आल्या तरी दहा पानं. आणि आत जायला फोनवर येणारा ओटीपी नाही, कारण ओटीपी तर फोनवाल्याला जाणार. त्याऐवजी चार आकडे, जे फक्त त्या बाईला ठाऊक.

पुढच्या शनिवारी समाजमंदिरात मी एकेकीला बोलावलं. एकीनं पत्त्यात सरपंच लिही म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, अगं पण तू सरपंच कुठं आहेस? "व्हईन की," ती म्हणाली, "तवा परत बदलायची तकलीफ नको." तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

आत्याच्या वेळेला वेगळीच पंचाईत. माझ्या फॉर्मात तीन खाने होते. नाव, मधलं नाव, आडनाव. तीनही भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. आपल्याकडं तसंच असतं, शाळेपासून.

"मधल्या खान्यात कोन टाकू?" तिनं विचारलं. "बापाचं टाकलं तर तिथला हिस्सा सोडून आले. नवऱ्याचं टाकलं तर ते घर सोडून आले."

"मग काय करायचं आत्या?"

"नुस्तं माहं टाक. एकटं."

मी तिथल्या तिथं लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या दोन खान्यांची सक्ती काढून टाकली. पण नुसतं नाव म्हणजे नुसता एक शब्द, आणि एक पत्ता एकीलाच मिळतो. त्या नावाच्या तिथं चार बाया बसल्या होत्या. चौघींनाही सुटसुटीत पत्ता हवा. आता भांडणं लागतात की काय म्हणून मी पाणी प्यायला उठले, तर खालानं निवाडा देऊनसुद्धा टाकला होता. ज्यांच्याजवळ नावापुढं लावायला कोणी आहे, त्यांनी ते लावा. जिच्याजवळ कोणी नाही, तिला नुसतं नाव द्या. तिघींनी माना हलवल्या. एकीनं नवऱ्याचं लावलं, एकीनं गावाचं, तिसरीनं हळदीचं. आत्याला तिचं एकटं नाव मिळालं.

मग चार आकडे. मी तिच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, हे कोणालाच सांगायचे नाहीत.

"भावाला?"

"नाही."

"तुला?"

"मलासुद्धा नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही म्हणतेय, ही पोरगी जरा बरी आहे. मग माझ्याकडं पाठ करून बसली आणि बराच वेळ विचार करून चार आकडे दाबले.

जाताना तिनं माझ्याकडून पुठ्ठ्यावर तिचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून मागितला. इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. मला वाटलं, भिंतीला लावणार असेल. पंधरा दिवसांनी तिच्या घरी गेले तर ओसरीत अकरा वाकळांची चळत रचलेली, आणि प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तिनं पत्ता शिवायला घेतलेला. पुठ्ठ्यावरून बघून, एकेक अक्षर चित्र काढावं तसं. पण सगळ्या वाकळांवर फक्त शेवटचा भाग होता, तिरपी रेघ आणि तिचं नाव. रेघेच्या आधी, जिथं माझ्या साइटचं नाव यायचं, तिथं वीतभर जागा कोरी. मला वाटलं, उरलेलं नंतर करणार असेल.

"आत्या, हे अगदी पक्कं केलंस तू."

"व्हय. आता हे बदलता यायचं न्हाई. दोऱ्याचं काम हाय."

त्याच आठवड्यात तिच्या भावाचा मला फोन आला. माणूस गोडबोल्या. "ताई, ते आत्याच्या पानावर आमची हळद बी टाकावं म्हन्तो. आन् नाव जरा माहं करून घ्यावं. फोन तर माझ्याच फोनवर येऊन राहिले. पन ते चार आकडे मागून राहिलंय. सांगा बरं तेवढे."

"मला माहीत नाहीत दादा."

"असं कसं? तुमीच बनवलं न्हवं?"

"बनवलं मी, पण आकडे तिचे आहेत. तिला विचारा."

"आवं, घरचंच तर हाय. कोनाच्या का नावावर असंना. फरक काय पडते?"

माझा आवाज चढला. "फरक पडत नाही ना दादा? मग असू द्या की तिच्याच नावावर!"

फोन ठेवला आणि मग भानावर आले. मी वसमतला माझ्या खुर्चीत बसून तोंड चालवलं होतं. पण रात्रीची भाकरी तिला त्याच्या घरात खायची होती. सोडलेला हिस्सा परत येत नाही आणि भावानं दार लावलं तर तिला जायला जागा नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. एकदा वाटलं, तिला फोन करून सांगावं, देऊन टाक आकडे, कशाला घरात कटकट. फोन करायला गेले तर नंबर भावाचाच. हात कपाळावर मारून घेतला.

पुढं काय झालं ते आत्यानंच सांगितलं. भाऊ जेवायला बसला होता. त्यानं विचारलं. ती म्हणाली, न्हाई सांगत. त्याला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यानं परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. तो अर्धं ताट तसंच टाकून उठला आणि आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

"भ्या तर लई वाटलं, पोरी," ती म्हणाली. "सगळ्या जिंदगीत भावाला न्हाई म्हन्लं नव्हतं कवा. आठ दिवस रोज वाटायचं, आज म्हनंल, जाय आता. कापडाचं गाठुडं बांधून ठेवलं हुतं म्या."

"मग?"

"मंग काई न्हाई. नवव्या दिवशी म्हन्ला, च्या ठेव. ठेवला. पन आकडे न्हाई सांगितले."

त्यानंतर ती वसमतला आली, माझ्यासोबत दुकानात गेली, स्वतःच्या आधारवर स्वतःचं सिम घेतलं आणि एक साधा बटणाचा फोन. पानावरचा नंबर मी तिथंच उभ्या उभ्या बदलला. तिनं माझ्या फोनवर आकडे दाबले तेव्हा मी दुसरीकडं तोंड केलं.

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले तेव्हा मी तिच्या टेबलावरची पाटी घेऊन कुरुंद्याला गेले. वर तिचा फोटो, खाली चौकोनी कोड, त्याच्या खाली पूर्ण पत्ता. वाटलं, खूश होईल. तिनं पाटी मांडीवर घेतली, पत्त्यावर बोट फिरवलं आणि तिरप्या रेघेपाशी थांबली.

"ह्याच्या पुढचं माहं. आन् ह्याच्या आधीचं कोनाचं?"

"माझं. साइटचं नाव आहे ते."

"ते गेलं तर माहं ऱ्हाते का?"

खोटं कसं बोलणार? "नाही. ते वरचं गेलं की खालचं सगळं जातं."

"मंग ते तुह्या नावावर हाय ना बराबर?"

साइटचं नाव नोंदवायचं असतं, कोणाच्या तरी नावानं, कोणाच्या तरी खात्यावर, आणि वेळोवेळी ती नोंद पुढं चालू ठेवावी लागते. मी नोंदवलं तेव्हा माझं कार्ड कपाटात कुठंतरी होतं, नवऱ्याचं कार्ड समोर टेबलावर. ओटीपी त्याच्या फोनवर आला, ईमेल त्याचा टाकला, आणि मालक म्हणून त्याचं नाव पडलं. पाच मिनिटांत काम झालं म्हणून मी खूशही झाले होते.

"आमच्या ह्यांच्या नावावर आहे," मी म्हटलं. "पण घरचंच आहे ते. काही फरक पडत..."

वाक्य माझं मलाच ऐकू आलं. आत्यानं पाटी हळूच माझ्या हातात परत दिली आणि सुई गादीखाली खोचली.

"मंग थांबते म्या."

"अगं पण दहा दिवसांवर प्रदर्शन आहे!"

"असू दे. अर्धा पत्ता घेऊन कुठं जाऊ? आन् सगळा शिवला, उद्या तुह्या घरी काई झालं, तर अकरा वाकळांवरचं उसवत बसू? तुहा नवरा चांगला असंल. माहा भाऊ बी चांगलाच हाय."

मला तिचा इतका राग आला! एवढं सगळं हिच्यासाठी केलं, आणि ही मलाच शिकवते? गाडीला किक मारली ती रागातच. वसमतचे दिवे दिसेपर्यंत राग पुरला. मग उरली नुसती लाज. तिनं तिच्या घरात उपाशी राहायची तयारी करून जे धरून ठेवलं, ते मी माझ्या घरात कोणी मागितलंही नसताना देऊन बसले होते.

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं, साइटचं नाव माझ्या नावावर करायचं आहे, आत्ता.

"काहून? काय झालं?" तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला. "आपलंच तर आहे. फरक काय पडतो?"

मला हसूच आलं. तोही बिचारा गोंधळला. मग मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, नंबर, नातू झालेली खाला, हक्कसोडची हिरवी साडी, गाठोडं बांधून काढलेले आठ दिवस. तो ऐकत राहिला. शेवटी उठला आणि लॉक उघडून फोन माझ्या हातात ठेवला. "कर काय करायचं ते," म्हणाला. "मला विचारायचंही कारण नव्हतं." विचारायचं कारण होतं, तेच तर सगळं भांडण होतं, पण तेव्हा मी ते वाढवलं नाही.

ते काम बटण दाबून होत नाही. अर्ज करा, आधीच्या मालकाची संमती घ्या, मग कंपनी म्हणते थांबा, तपासतो. मी नवं ईमेल खातं काढलं, कपाटातून माझं कार्ड शोधलं, माझा नंबर टाकला. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. मी कंपनीला इतके फोन केले की तिकडचा माणूस माझा आवाज ओळखायला लागला. ऑफिसातून विचारणा झाली, त्या वाकळवाल्या बाई येणार का, नाहीतर टेबल दुसरीला देतो. मी सांगितलं, येणार. कशाच्या जोरावर सांगितलं, देव जाणे.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी सकाळी माझ्या फोनवर, माझ्या स्वतःच्या फोनवर, ओटीपी आला. तो टाकला. मालकाच्या रकान्यात माझं नाव आलं. मी त्याचा कागद छापला आणि तशीच कुरुंद्याला निघाले. चहासुद्धा घेतला नाही.

आत्यानं कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. माझं नाव, माझा पत्ता, माझा नंबर.

"ओटीपी कोनाच्या फोनवर आला?"

"माझ्या."

"आन् ते आकडे कोनाला ठावं हायेत?"

"मलाच."

तिनं गादीखालची सुई काढली. लाल दोऱ्याचं रीळ काढलं. वरची वाकळ उलगडून कोपरा माझ्या मांडीवर ठेवला, आणि सुई माझ्यापुढं धरली.

"मला शिवता येत नाही आत्या," मी घाबरून म्हटलं. "सगळं वाकडं होईल. तू शिव."

"म्या माहं शिवलं," ती म्हणाली. "ही जागा तुही हाय. तुहं तू शिव."

दोन दिवस मी तिच्या ओसरीत बसून अकरा वाकळांच्या अकरा कोपऱ्यांत शिवत होते. बोटं भोसकून घेतली. दोरा ओवून द्यायला ती होती, बाकी तिनं हात लावला नाही. भाऊ दोनदा आला, बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्याजवळ दिवा आणून ठेवला आणि आत गेला.

हिंगोलीला तिच्या टेबलाशी मी जरा लांब उभी होते. एका बाईनं वाकळ उलटी करून कोपरा बघितला आणि म्हणाली, "मावशी, हे शेवटचं नाव किती सुबक आहे. आधीचं असं वेडंवाकडं का?"

"शेवटचं माहं हाय," आत्या म्हणाली. "आधीचं दुसऱ्या बाईचं हाय. ती आत्ताच शिकलीय."